तीर्थ म्हणजे पाणी

तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ नदीचा उतार. जिथे पाण्यात सहज उतरता येते, जिथून पैलतीराला जाता येते, ती जागा म्हणजे तीर्थ. देऊळ तिथे मागाहून येते. पुजारी पळीने आपल्या हातावर चार थेंब घालतो, त्यालाही आपण तीर्थच म्हणतो. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासची क्षेत्रे या नजरेने पाहावीत, असे मला वाटते.

वेरूळला गेलेली मंडळी कैलास लेणे पाहतात, घृष्णेश्वराचे दर्शन घेतात आणि गाडीत बसतात. शिवालय तीर्थाचे कुंड बहुतेकांचे राहूनच जाते. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या या कुंडात चारही बाजूंनी दगडी पायऱ्या उतरत जातात आणि मधल्या टप्प्यावर छोटी देवळे आहेत. घृष्णेश्वराची कथाही पाण्याचीच. घुष्मा रोज 101 पार्थिव लिंगे पूजून तलावात सोडी. सवतीने तिच्या मुलाला मारून त्याच तलावात टाकले आणि तिथेच तो तिला जिवंत भेटला. वर डोंगरात येळगंगा आहे. 29 क्रमांकाच्या लेण्याला लोक 'सीतेची न्हाणी' म्हणतात, कारण पावसाळ्यात शेजारीच धबधबा कोसळतो.

वाटेवर खुलताबादचा निद्रिस्त भद्रा मारुती. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसे पायी निघतात. चैत्रातले ऊन टाळायला रात्रच बरी! रस्त्याकडेला त्यांना पाणी देणारे हात मला देवळाच्या कळसाइतकेच महत्त्वाचे वाटतात.

आता दक्षिणेला, पैठणला जाऊ. एकनाथ महाराजांनी 1599 मध्ये गोदावरीत देह ठेवला. ती तिथी फाल्गुन वद्य षष्ठी, म्हणजेच नाथषष्ठी. नाथांची एक गोष्ट शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. काशीच्या गंगेची कावड रामेश्वराला वाहायला निघालेली, वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, आणि नाथांनी ते पवित्र पाणी त्याच्या तोंडात ओतले. सोबतचे लोक हळहळले. नाथांना मात्र रामेश्वर तिथेच पावला.

याच पैठणच्या डोक्यावर आज जायकवाडीचे धरण आहे. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. भिंत सुमारे 10 किलोमीटर लांब, दारे 27, आणि जलाशयाला नाव नाथसागर. त्यासाठी कितीतरी गावांनी आपली शिवारे पाण्याला दिली. संभाजीनगरची तहान, कारखाने आणि खालच्या जिल्ह्यांतली शेती या एका साठ्यावर अवलंबून आहे. त्या साठ्यासाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचे म्हटले की नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात दरवेळी जुंपते. 2016 च्या दुष्काळात तर नाथसागरच मृतसाठ्याच्याही खाली गेला होता.

धरण झाले आणि भिंतीखालची नदी दारांच्या हाती गेली. फाल्गुनात दिंड्या पोहोचतात तेव्हा घाटाला वाहते पाणी हवे असेल, तर ते वरून सोडावे लागते. मग कुणीतरी विचारतेच, प्यायला पाणी पुरत नसताना स्नानाला कशाला? प्रश्न रास्त आहे. गाढवाची गोष्ट सांगणाऱ्यांनी तो टाळू नये. टंचाईच्या वर्षी वारकऱ्याने कपाळाला दोन थेंब लावून समाधान मानावे, नाथांना ते अमान्य झाले नसते. पण बरे साल असतानाही नदीला स्वतःचा हिस्सा नसावा आणि यात्रेपुरतेच दार उघडावे, हे मला पटत नाही. यात्रा पांगली की निर्माल्य आणि सांडपाणी त्याच थांबलेल्या पाण्यात राहते. खालच्या काठावरची माणसे, गुरे आणि विहिरी तर बारा महिने तिथेच असतात.

गावातल्या नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. देवाने श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी बारा वर्षे कावडीने पाणी भरले, ते याच रांजणात, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते आणि भाविक घागरी, कळशा घेऊन तो भरू लागतात. रांजण भरून वाहिला की देव येऊन गेला म्हणायचे. भरणाऱ्यांना पाणी मात्र गोदावरीचे लागते.