परक्या दरबारातलं लुगडं



संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्याच्या दशेवर बोलावं, अशी रीत आहे. मी आज लुगड्यावर बोलणार आहे. भंडारा म्हटलं की तलाव, धान आणि पितळेची भांडी सगळ्यांना आठवतात. पण 1908 सालच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये या जिल्ह्याचा मुख्य हातउद्योग म्हणून नोंद आहे ती रेशीमकाठी कापडाची, आणि गावं दिली आहेत भंडारा, पवनी, मोहाडी, आंधळगाव.

या कापडाकडे येण्याआधी एक प्रश्न. राजघराण्यातली बाई परक्या दरबारात जाते, तेव्हा ती काय नेसून जाते? प्रश्न दिसतो तेवढा हलका नाही. दूत बोलायला तोंड उघडतो, पण बाईला लोक आधी तिच्या कापडावरून वाचतात. सासरच्या उंबऱ्यावर माहेर ओळखलं जातं ते पदरावरून, हे आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक होतं.

या प्रश्नाचं पहिलं मोठं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांची सून होऊन विदर्भात आली. त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. नवरा रुद्रसेन लवकर गेला आणि अल्पवयीन मुलांच्या नावाने तिने राज्य चालवलं. तिचा ताम्रपट वाचा. त्यात ती गुप्तांची वंशावळ आधी सांगते, बापाचं गोत्रही लावते. नवऱ्याच्या राज्यात राहून माहेरचं नाव धातूवर कोरून ठेवणारी ही बाई मला फार मोठी वाटते. तिच्या वस्त्राबद्दल मात्र ताम्रपटात अक्षर नाही. पुढे पाचव्या शतकात वाकाटकांच्याच काळात रंगलेली अजिंठ्याची लेणी पाहिली, की पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची, अंग दिसावं इतकी तलम वस्त्रं डोळ्यांसमोर येतात. दान कोणी दिलं ते कोरलं गेलं, पण ते कापड कुणी विणलं ते कुणी लिहिलं नाही.

दुसरी बाई कागलच्या घाटग्यांची लेक आणि ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांची राणी, बायजाबाई शिंदे. 1833 साली तिला ग्वाल्हेर सोडावं लागलं. 1835 मध्ये फतेगडला तिची छावणी असताना फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई तिला भेटायला गेली आणि जे पाहिलं ते तिने 1850 च्या पुस्तकात लिहून ठेवलं. दौलतरावांची विधवा अगदी साध्या लाल रेशमात होती. बाकी दागिना एकही नाही, हातात तेवढ्या सोन्याच्या दोन लहान साध्या पट्ट्या. राज्य गेलेलं, मुक्काम परक्या मुलखात, तरी भेटायला येणाऱ्याला ती राणीच दिसली. जर-जवाहिरावाचूनही दरबार भरतो, हे मला त्या वर्णनातून कळलं.

त्याच छावणीतला घोड्याचा प्रसंग मला अधिक आवडतो. युरोपात बाईने घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसायचं, अशी चाल होती. 1382 मध्ये बोहेमियाची ॲन लग्न होऊन इंग्लंडच्या दरबारात गेली आणि ही बैठक तिने तिकडे नेली, अशी परंपरा आहे. मराठ्यांच्या बायकांना ते बसणं वेडंवाकडं वाटलं. त्यांचं लुगडं कासोट्याचं, त्यामुळे मांड ठोकून बसायला त्यांना काही अडत नव्हतं. शेवटी पार्क्सबाईनेच मराठी पोशाख नेसून घोडा फेकून पाहिला. नऊ वारांचा कासोटा म्हणजे नुसती लाज राखायची सोय नव्हती, ते स्वाराचं वस्त्र होतं. आमच्या धान रोवणाऱ्या बाया चिखलात उतरतात तेव्हा कासोटाच तर घट्ट करतात.

नागपूरकर भोसल्यांच्या राण्यांचं काय झालं? तिसरे रघूजी 1853 च्या डिसेंबरात वारले, राज्य खालसा झालं आणि वाड्यातलं जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेलं. हत्ती-घोडेही विकले गेले. घराणं मोडतं तेव्हा पेटाऱ्यातलं कापड कुणी मोजत नाही. म्हणूनच मी मागाकडे वळते.

आंधळगावात एका कोष्टी विणकराच्या घरी मी दुपारभर बसले होते. माग खड्ड्यातला, पाय खाली, हात वर. करवतकाठी लुगडं विणायला एका धोट्यावर भागत नाही, तीन लागतात. मधला कोसा रेशमाचा, कडेचे दोन काठाचे. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा एकमेकांत अडकवत नेला, की करवतीचे दात उभे राहतात. दर फेरीला हात थांबतो, बोटं धागा चाचपतात, मगच फणी ठोकली जाते. बघता बघता माझी मान अवघडली, त्याचा वेग मात्र बदलला नाही. कोसा तोही इथलाच: ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवरांनी जोपासलेले किडे, आणि कोश उकळून मांडीवर घोळत सूत काढणाऱ्या बाया. त्याला न रंगवताच मधाचा रंग असतो. असं लुगडं नेसून कुठल्याही दरबारात जावं.

आपल्या जिल्ह्यात कविता भरपूर लिहिली जाते. मागावर किती लिहिलं गेलं? पांजण, धोटा, फणी, ताणा, बाणा हे शब्द अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. नातवंडं कामाला नागपूर-पुण्याला गेली, की ते त्यांच्याबरोबर जाणार नाहीत. शब्दकोशात शब्द उरतो, पण हात कुठे थांबतो ते उरत नाही. ते लिहिणं लेखकाचंच काम आहे आणि आपण त्यात कमी पडलो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा एवढं करा. घरी जाऊन आजीची पेटी उघडा. तळाशी एखादं करवतकाठी लुगडं असेल, तर त्याची गोधडी शिवण्याआधी ते कुठल्या गावी, कुणाच्या मागावर विणलं, कोण नेसून कुठे गेली, हे आजीला विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून काढा. पुढच्या संमेलनाला येताना ते कागद बरोबर आणा. मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन.