प्रयोगवहीतील ९८ अंश



इंदुरात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळत नाही. माळव्याचे हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाणी सुमारे ९८ अंशांनाच खळखळू लागते. तरीही कित्येक प्रयोगवह्यांत १०० हाच आकडा सुवाच्य अक्षरांत आढळतो. तापमापीने ९८ दाखविलेले असते, मुलाने ते वाचलेलेही असते. परंतु पुस्तकाशी जुळेना म्हणून हात खोडरबराकडे जातो. गुण मिळतात आणि निरीक्षण पुसले जाते.

ज्यांच्या नावाने हे अंश ओळखले जातात, त्या अँडर्स सेल्सिअस या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञांनी १७४२ साली आपली मापनश्रेणी मांडली, तेव्हाच हवेच्या दाबाप्रमाणे पाण्याचा उत्कलनबिंदू बदलतो हेही नोंदविले होते. (गंमत अशी, की त्यांच्या मूळ श्रेणीत पाणी उकळण्याचा बिंदू शून्य होता आणि गोठण्याचा १००, हा क्रम पुढे उलटला.) अर्थात वहीतला प्रत्येक ९८ बिनचूक असतोच असे नाही. तापमापीचा फुगा पात्राच्या बुडाला टेकला किंवा पाऱ्याची पातळी तिरप्या नजरेने पाहिली, तर आकडा फसवतो. चूक कोणती आणि उंचीचा परिणाम कोणता, हे दुसऱ्या वाचनाने कळते; त्यासाठी पहिले वाचन शिल्लक असावे लागते.

काळाच्या मोजणीतही हेच घडते. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका दोलनास सुमारे २ सेकंद लागतात. घड्याळाची कळ दाबताना सेकंदाच्या एकदोन दशांशांची चूक सहज होते; म्हणून २० दोलनांचा काळ मोजून त्याला २० ने भागतात, म्हणजे ती चूकही भागली जाते. मात्र लंबक सोडतानाच मूल ‘एक’ म्हणते, आणि ‘वीस’ म्हणेपर्यंत प्रत्यक्षात एकोणीसच दोलने झालेली असतात. उत्तर १.९ येते. शेजारच्या वहीतून २ उतरवून घेतले, की चूक झाकली जाते. १.९ तसेच राहिले, तर मोजणी शून्यापासून करावी, हे शिक्षकांना एका वाक्यात सांगता येते.

सुटीत मुलांना उज्जैनला अवश्य न्यावे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेल्या तेथील वेधशाळेत सम्राट यंत्राची सावली स्थानिक सूर्यवेळ दाखविते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, तर उज्जैन सुमारे ७५.८ अंशांवर. एका अंशास ४ मिनिटे, या हिशेबाने सावली मनगटी घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे पडते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे हा फरक फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे ४१ मिनिटांवर जातो, तर नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे ११ वर येतो. ‘यंत्र बिघडले आहे,’ असे मूल म्हणेलच. पालकांनी उत्तराची घाई करू नये. दोन्ही वेळा तारखेसह वहीत लिहून घ्यायला सांगाव्यात आणि काही महिन्यांनी त्याला पुन्हा तेथे न्यावे.