दिल्याने वाढणारे भांडवल



संस्थेचे भांडवल मोजताना इमारत, यंत्रसामग्री आणि बँकेतील ठेवी यांची नोंद केली जाते. त्या संस्थेतील माणसांना अनुभवाने जे उमगलेले असते, त्याची नोंद मात्र कोणत्याही ताळेबंदात आढळत नाही. वस्तुतः नवी वाट सापडते ती याच भांडवलातून, आणि ते वाटल्यावाचून वाढत नाही. महाराष्ट्रातील द्राक्षशेतीची वाटचाल हा या विधानाचा उत्तम पुरावा होय.

एक हंगाम, शंभर प्रयोग

आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास केलेल्या खरड छाटणीनंतर येणाऱ्या काडीच्या डोळ्यांत घडांची सूक्ष्म निर्मिती होते. ऑक्टोबरच्या सुमारास केलेल्या फळछाटणीनंतर ते घड दृष्टीस पडतात. म्हणजे उन्हाळ्यात झालेली चूक दिवाळीच्या सुमारास कळते आणि ती सुधारण्यासाठी पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागते. एका बागाईतदाराच्या वाट्याला आयुष्यात असे तीस-चाळीस हंगाम येतात. परंतु शंभर बागाईतदार एकत्र बसले, तर एकाच हंगामात शंभर प्रयोगांचे निष्कर्ष प्रत्येकाच्या हाती पडतात.

सन १९६० च्या सुमारास स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाने नेमके हेच साधले. पुणे, नाशिक, सांगली आणि सोलापूर या विभागांतील शेतकरी चर्चासत्रांतून एकत्र येऊ लागले. छाटणीची वेळ, संजीवकांचे प्रमाण, रोगांची पहिली लक्षणे यांवर शास्त्रज्ञांसमोर उघड चर्चा होऊ लागली. संघाच्या ‘द्राक्षवृत्त’ या नियतकालिकाने ती चर्चा दूरच्या बागांपर्यंत पोचविली.

काडीबरोबर गेलेले ज्ञान

बिनबियांच्या द्राक्षाची लागवड काडीपासून होत असल्याने सर्व वेली एकसारख्या असतात. क्वचित एखाद्या फांदीत निसर्गतः बदल घडतो. तो टिपण्यास डोळस माणूस लागतो, आणि तो सर्वांच्या उपयोगी पडण्यास उदार माणूस लागतो. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ हा वाण निवडला. सोलापूरनजीकच्या नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ हा लांबट मण्यांचा वाण पुढे आणला. हे दोन्ही वाण प्रयोगशाळेत जन्मलेले नाहीत. शेतकऱ्यांच्या निरीक्षणातून ते उदयास आले आणि गावोगाव पसरले.

ज्ञान दिले तर आपला भाव पडेल, अशी शंका येथे स्वाभाविक आहे. परंतु केवडा रोग बांध ओळखत नाही. शेजारची बाग रोगट राहिली तर आपलीही धोक्यात येते. शिवाय परदेशी ग्राहकास सातत्याने एकसारखा माल हवा असतो व एकट्यादुकट्या बागेस तो पुरविणे अवघड जाते. म्हणूनच १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी निर्यातीसाठी ‘महाग्रेप्स’ उभारली. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले आणि शेतकऱ्यांच्या अनुभवाला शास्त्राची जोड अधिक निकट लाभली.

साखळी तुटते तेव्हा

ही देवाणघेवाण खंडित झाली तर काय होते, हेही याच पिकाने दाखविले. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांचे व्यवहार अडचणीत आले. शेतकऱ्यांना त्याचा जबर फटका बसला. बागेत कष्ट कमी पडले नव्हते. परदेशातील नियम, येथील तपासणी आणि शेतातील फवारणी यांना जोडणारी माहितीची साखळी कोठेतरी अपुरी पडली होती. निर्यातदार, शास्त्रज्ञ, शासन आणि शेतकरी यांपैकी कोणा एकालाच माहिती असणे म्हणजे ती नसण्यासारखेच होय, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

कार्यालय, शाळा आणि पंचायत

हा धडा बागेपुरता नाही. अधिकाऱ्याची बदली होते तेव्हा दप्तर मागे राहते, पण कोणत्या गावी योजना का अडली याचे मर्म त्याच्याबरोबर निघून जाते. एका शाळेत वाचनात मागे पडलेली मुले पुढे येतात. चार कोसांवरील शाळेला त्याचा पत्ता नसतो. एका पंचायतीची पाणीपुरवठा योजना तोट्यातून बाहेर येते आणि शेजारची पंचायत तीच चूक नव्याने करते.

यावर उपाय खर्चिक नाहीत. कार्यभार सोपविताना अनुभवाचे टिपण द्यावे. केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत परिपत्रकांच्या वाचनाइतकाच वेळ वर्गातील प्रयोगांना द्यावा. पंचायत सदस्यांनी शेजारच्या गावचे काम पाहावे आणि फसलेल्या कामाचीही नोंद ठेवावी. कारण यशाची वार्ता आपोआप पसरते, अपयशाची कारणे मात्र लपविली जातात.

त्याबरोबरच श्रेय ज्याचे त्याला मिळाले पाहिजे. वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीच्या २००१ च्या केंद्रीय अधिनियमाने नवा वाण सिद्ध करणाऱ्या शेतकऱ्याचा अधिकार मान्य केला आहे. हीच दृष्टी कार्यालयांतही हवी. कनिष्ठाची कल्पना वरिष्ठाच्या नावावर चढली, तर दुसरी कल्पना पुढे येत नाही. श्रेयाची निश्चिती असेल, तेथेच माणूस आपल्याजवळचे ज्ञान मोकळ्या मनाने पुढे ठेवतो. आणि संस्थेची खरी उन्नती तेथूनच सुरू होते.