मुंबईचा पगार आणि आपला हिशेब

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाची शेवटची वेचणी झाली, ज्वारी खळ्यावरून घरात आली, की कोरडवाहू गावात एकच बोलणे सुरू होते. अमक्याचा पोरगा मुंबईला लागला, म्हणे अठरा हजार पगार आहे. आकडा ऐकला की बापाची छाती फुगते आणि धाकटाही पिशवी भरतो. मुंबईला जाऊ नका असे सांगायला मी उभा नाही. पोट जिथे भरते तिथे माणूस जाणारच. पण बाजारात बैल घेताना आपण दात मोजतो, चालवून पाहतो. मग पगाराचा आकडा न तपासता का घ्यावा?

पहिली गोष्ट, पगार किती तासांचा? कायद्याने कामाचा दिवस आठ तासांचा. त्यावरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दराने दाम द्यावे लागतात. म्हणजे बारा तास काम केले तर आठ तासांचे आठ आणि वरच्या चार तासांचे आठ, असे सोळा तासांचे दाम झाले पाहिजेत. आता पाहा, बारा तासांच्या ड्युटीला अठरा हजार देणारा मालक आठ तासांचा पगार नऊ हजारच धरतो. आकडा मोठा दिसला तो तासांमुळे.

दुसरी गोष्ट, महिन्यात दिवस किती भरतात? दादरच्या बाजारातला हमाल, नाक्यावर उभा राहणारा गवंडी किंवा बिगारी, यांचा दर रोजाचा असतो. समजा सातशे रुपये रोज. सव्वीस दिवस भरले तर अठरा हजार दोनशे. पंधराच दिवस भरले तर साडेदहा हजार. खोलीचे भाडे मात्र तीस दिवसांचे द्यावे लागते.

हे दुखणे आजचे नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांत बदली कामगार असत. सकाळी कार्ड घेऊन गेटवर उभे राहायचे, कायम कामगार गैरहजर असला तर काम, नाही तर परत. आपलाच कापूस आत पिंजला जात होता आणि आपल्यासारख्याच शेतकऱ्यांची पोरे बाहेर रांगेत होती. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. संप लांबला तेव्हा हजारो कामगार कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे गावी गेले. ज्यांचा गावी जमिनीचा तुकडा होता, त्यांची चूल तरी पेटली. बहुतेक गिरण्या पुढे बंद पडल्या आणि त्या जागेवर टॉवर व मॉल उभे राहिले. म्हणून सांगतो, मुंबईला जायचे म्हणून जमीन फुंकू नका.

तिसरी गोष्ट, हातात किती पडतात? समजायला आकडे धरू. कागदावर पगार अठरा हजार, त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून पंधरा हजार. भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के म्हणजे अठराशे, राज्य विम्याचे पाऊण टक्का म्हणजे एकशे पस्तीस, व्यवसाय कर दोनशे. हातात राहिले पंधरा हजार आठशे पासष्ट. झोपायच्या जागेचे अडीच हजार, खानावळीचे साडेचार हजार, गाडीचा पास व चहापाणी हजार, औषधपाणी व गावी येणे-जाणे आठशे पासष्ट. घरी धाडायला उरले सात हजार. पण कापलेले अठराशे वाया जात नाहीत. तेवढीच भर मालकाने घालायची असते आणि ती रक्कम तुमची असते. विम्यामुळे दवाखाना मिळतो. म्हणून "कापत नाही, सगळा रोख देतो" म्हणणारा मालक उदार समजू नका.

चौथी गोष्ट, कामाला कायद्याचे कोणते छप्पर आहे? हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. नोंद असलेल्या माथाडीची मजुरी मंडळामार्फत मिळते आणि मालकाकडून वर लेव्ही घेतली जाते, त्यातून रजा, निधी वगैरे सोयी होतात. सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे. बांधकाम मजुराने वर्षात नव्वद दिवस काम केले तर कल्याणकारी मंडळात नोंद होते. एकाच रस्त्यावर एकसारखे ओझे उचलणाऱ्या दोघांत एक नोंदलेला आणि एक मुकादमाचा असेल, तर वर्षाअखेर दोघांच्या कमाईत जमीन-अस्मान होते.

मायबहिणींनो, तुमच्यासाठीही एक दाखला आहे. गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बाया सावकाराच्या कर्जात होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्या बायांना बँकेचे कर्ज मिळू लागले. स्वयंपाकाला कोणी कामच धरत नव्हते. हिशेब मांडला तेव्हा तो धंदा ठरला.

आता मुख्य मुद्दा. शहराचा कायदा अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्या लावून किमान वेतन ठरवतो, आणि महागाईप्रमाणे त्यातला विशेष भत्ता राज्यात जानेवारीत व जुलैत बदलतो. आपले काय? कापसाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मेहनत शेतमजुराच्या दराने धरतात. पेरणीची वेळ ओळखणारा, बोंडअळी पाहून फवारणी ठरवणारा, वर्षभराची जोखीम डोक्यावर घेणारा शेतकरी त्या हिशेबात अकुशल! आणि तेवढेही दाम बाजारात पदरात पडत नाहीत. मुंबईचा पगार मोठा दिसतो, कारण घरच्या शेतातला आपला रोज आपण शून्य धरायला शिकलो आहोत.

म्हणून दोन कामे घेऊन गावी जा. गावातून मुंबईला गेलेल्या प्रत्येकाला विचारून एक वही करा. काम कोणते, तास किती, महिन्यात दिवस किती भरले, काय कापले, हातात किती आले, मुकादमाची उचल किती. नवा पोरगा निघाला की आधी ती वही त्याच्यापुढे ठेवा. दुसऱ्या वहीत आपल्या शेतातले घरच्या प्रत्येकाचे दिवस लिहा, बायांचे खुरपणी-वेचणीचेही. पुढच्या मेळाव्याला दोन्ही वह्या आणा. कापसाच्या भावाचे मागणे मांडताना त्या आपण सरकारपुढे ठेवू.