विषय जुळत नाही



संयोजक म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल." त्यावर आजकाल सगळेच बोलतात. मी एका नोकरीच्या अर्जाबद्दल बोलणार आहे. तो वाचताना मला आपल्या वर्गातली एक मुलगी आठवली होती.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका विद्यापीठासाठी प्राध्यापक भरतीची ऑनलाइन यंत्रणा तयार केली. उमेदवाराने अर्ज भरायचा, यंत्रणेने पात्रता तपासून गुण लावायचे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत गुणांचा तक्ताच आहे. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी पीएचडीचे ३०, एका शोधनिबंधाचे २, पण निबंधांचे सगळे मिळून जास्तीत जास्त १०. हे गुण मुलाखतीला कोणाला बोलवायचं एवढ्यापुरते. मला वाटलं, यात काय अवघड आहे? असेल तर पुढे, नसेल तर बाद.

मानसशास्त्राची एक जागा होती. शरीर, मेंदू आणि वागणं यांचा संबंध शिकवणारी व्यक्ती हवी होती. त्यातही गरीब-श्रीमंत, गाव-शहर यांच्या आरोग्यात एवढी तफावत का, यावर काम केलेली. एका बाईंचा अर्ज यंत्रणेने पहिल्याच पायरीला बाद केला. शेरा : 'विषय जुळत नाही'. एमए मानसशास्त्रात, पीएचडी पोषणशास्त्रात. काम कशावर, तर गरोदर आईचा आहार आणि मुलाची स्मरणशक्ती. म्हणजे जाहिरातीत मागितलं होतं नेमकं तेच!

त्यांचा तक्रारीचा मेल फिरत फिरत माझ्याकडे आला. तो निकष मीच लिहिला होता. नियमात 'संबंधित' विषयासोबत 'निकटचा' विषयही चालतो. पण निकटचा म्हणजे किती निकटचा, हे कोडमध्ये कसं बसवायचं ते मला सुचेना, म्हणून मी तो शब्द सोडून दिला. कोणी विचारलंही नाही.

त्या मेलमध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासाचा उल्लेख होता. मी रात्री वाचत बसले. १९९३ साली, म्हणजे आपण सातवीत असताना, पुण्याजवळच्या सहा गावांत तो सुरू झाला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. गरोदर बायकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मटण-मासळीतून मिळतं, भाजी-भाकरीतून नाही. पुढे ती मुलं नऊ वर्षांची झाल्यावर काही जणांच्या चाचण्या घेतल्या. ज्यांच्या आईचं बी-१२ अगदी कमी होतं, ती मुलं सलग लक्ष देण्यात आणि ऐकलेले आकडे उलटे म्हणण्यात मागे पडली. बुद्धीच्या चाचणीत मात्र फरक दिसला नाही.

आकडे उलटे म्हणणं! मी तिथेच थांबले.

आठवतं का, गुरुजी पाढे उलटे म्हणायला लावायचे? तिकोण्याच्या पायथ्याच्या वस्तीवरून चालत येणारी, शेवटच्या बाकावरची आपली मैत्रीण सतरापासून उलटं निघाली की तिसऱ्या-चौथ्याला अडकायची. फळ्यावरचं तिचं निम्मं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. तिला आपण 'ढ' म्हणायचो. सर्वांत मोठ्याने मी हसायचे, कारण मला ते यायचं. आठवीनंतर ती आलीच नाही. घरी दोन म्हशी होत्या तिच्या, पण दूध सगळं डेअरीला.

तिच्या आईचं रक्त कोणी तपासलेलं नाही. तेव्हा तिचं अडखळणं त्यामुळेच होतं, असं मी म्हणू शकत नाही. शाळा चालून येण्याचा थकवा असेल, रिकामं पोट असेल, आमच्या हसण्याची धास्तीही असेल. सर, रागावू नका, पण आपल्यापैकी कोणीच तिला विचारलं नव्हतं, सकाळी काय खाऊन आलीस. असं विचारायचं असतं हे शिक्षकांना, डॉक्टरांना शिकवणारी माणसं कुठून यायची? त्याच जागेवरून, जिच्या अर्जाला मी 'बाद' म्हटलं.

मग मी साहेबांशी भांडून दुरुस्ती करून घेतली. आता विषय जुळला नाही तर यंत्रणा बाद करत नाही, अर्ज छाननी समितीपुढे ठेवते. काम दोन दिवसांचं होतं. बाईंचा अर्ज समितीपुढे गेलाही, पण मुलाखती होण्याआधी ती जाहिरातच रद्द झाली. त्या दुसऱ्या राज्यात गेल्या. जाताना मला दोन ओळींचा मेल केला, आभाराचा. तो मला अजून उघडवत नाही.

आपली मैत्रीण आज आलेली नाही. ग्रुपवर तिचा नंबर कोणाकडेच नाही. तिचं सासर कामशेतच्या बाजूला असल्याचं कोणीतरी म्हणत होतं. कोणाला नक्की माहीत असेल, तर जेवणाच्या वेळी मला सांगा. मी मागच्या पंगतीत आहे.