गेम तपासणीचं काम आणि आपल्या मुली

(सातारा व सांगली जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या साताऱ्यातल्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



‘मुलींसाठी रोजगाराच्या नव्या वाटा’ असा विषय देऊन तुम्ही मला बोलावलंत. मी गेली अकरा वर्षं पुण्यात व्हिडिओ गेमच्या तपासणीचं काम करते. माहेर तासगाव तालुक्यात. गावी गेलं की हमखास विचारतात, “दिवसभर खेळायचा पगार मिळतो म्हणे तुला?” अलीकडे त्यात भर पडली आहे, “ते तर सरकारनं बंद केलं ना?” आधी तेवढं निस्तरते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं जो कायदा केला, तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध आहे. धावायचे, उड्या मारायचे, कोडी सोडवायचे, गोष्ट पुढे नेणारे खेळ त्यात येत नाहीत. ऑनलाइन रमीनं घरात काय होतं हे तुमच्याकडे येणाऱ्या बायकाच तुम्हाला सांगत असतील. पण त्या रागापायी मुलीची नोकरी नाकारली जाऊ नये.

आता काम काय असतं ते सांगते. समजा, खेळात एक गल्ली आहे. खेळणारा त्या गल्लीतून पळत सुटतो. तपासणारी तशी जात नाही. ती प्रत्येक भिंतीला अंग घासत चालते, कुठे भिंतीतून आरपार जाता येतं का बघते. दार उघडत असतानाच मागे फिरते. लढाई चालू असताना फोन वाजला तर? इंटरनेट गेलं आणि परत आलं, तर मिळवलेले गुण जागेवर राहतात का? सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो यांच्या यंत्रांवर खेळ आणायचा असेल तर त्यांच्या नियमांच्या लांबलचक याद्या असतात. हातातल्या कंट्रोलरची बॅटरी मध्येच संपली तर खेळानं काय करायचं, हेसुद्धा त्यात येतं. त्या यादीत नापास झालेला खेळ दुरुस्त केल्याशिवाय विक्रीला जात नाही.

दोष सापडला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं लिहिण्याचं. खेळ बनवणारा माणूस कॅनडात नाहीतर फ्रान्समध्ये बसलेला असतो. त्याला “खेळ मध्येच बंद पडतो” एवढं कळवून भागत नाही. कुठला फोन, खेळाची कितवी आवृत्ती, सुरुवात कुठून केली, कुठली बटणं कुठल्या क्रमानं दाबली, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि दहा वेळा तेच केलं तर किती वेळा झालं. वाचणाऱ्याला तोच दोष त्याच्या टेबलावर पुन्हा घडवता आला पाहिजे. मग दुरुस्ती होऊन येते, आणि एक भोक बुजवताना शेजारी दुसरं पडलं का ते पाहायला सगळं पहिल्यापासून. एकाच जिन्यावर मी आठ दिवस चढउतार केलेली आहे. त्यात खेळ म्हणावं असं काही नव्हतं.

हे काम नीट झालं नाही, किंवा तपासणाऱ्यांनी सांगितलेले दोष तसेच ठेवले, तर कंपन्यांना ते फार महागात पडतं. डिसेंबर 2020 मध्ये ‘सायबरपंक 2077’ हा पोलंडमधल्या कंपनीचा मोठा गाजावाजा झालेला खेळ इतक्या दोषांसकट बाजारात आला, की सोनीनं आठ दिवसांत तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. तो तिथे परत आला जून 2021 मध्ये.

सातारा-सांगलीत हे काम देणाऱ्या कंपन्या नाहीत, त्यासाठी पुणंच गाठावं लागतं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं 2008 मध्ये पुण्यातला स्टुडिओ घेतला, ग्लोबलस्टेपसारख्या तपासणीचं काम घेणाऱ्या कंपन्या आहेत. आणि पुण्यातल्याच नोडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला, त्यात भावाला सोडवायला निघालेली मुलगी नायिका आहे. आपल्या मुलींना तो जरूर दाखवा.

आता मला खरं जे बोलायचं आहे त्याकडे येते.

माझी आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. हिरवा वेगळा, काळपट वेगळा, बारीक वेगळा, देठ काढून टाकायचा, आणि हे सगळं गप्पा मारता मारता, हात न थांबता. मालक कौतुकानं म्हणायचा, “हे बायकांनाच जमतं, गडी बसत नाही एवढं.” मजुरी मात्र गड्यापेक्षा कमी. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा तेच वाक्य मी इंग्रजीत ऐकलं: मुलींमध्ये चिकाटी असते, म्हणून तपासणीला मुली बऱ्या. ऐकायला गोड वाटतं. पण जे उपजत आहे असं म्हटलं, त्याचे पैसे मागता येत नाहीत. आपल्या संघटनांमधूनही मुलींना असं सांगितलेलं मी ऐकलं आहे, म्हणून बोलते. कृपा करून सांगू नका. दोष शोधणं हे शिकून येणारं कसब आहे. माझे अहवाल पहिले सहा महिने वरच्या बाईंकडून लाल खुणा होऊन परत येत. त्यात माझ्या जातीचा, बाईपणाचा किंवा सोशिकपणाचा काही संबंध नव्हता. मला लिहायला शिकवलं गेलं, मी शिकले.

दुसरा शब्द ‘आवड’. नोकरीच्या जाहिरातीत पहिली अट असते, खेळांची मनापासून आवड हवी. मुलाखतीत विचारतात, कुठले खेळ खेळला आहात, किती तास. आता आपल्या घरातलं चित्र आठवा. मुलगा रात्री बारापर्यंत फोनवर खेळतो, आई कुरकुरते आणि झोपते. मुलीला फोन मिळतो तो अभ्यासाला, तोही भावाचा किंवा वडिलांचा, आणि हातात दिसला की “कुणाशी बोलतेस?” तिची आवड तयार कधी व्हायची? आवडीला वेळ लागतो, यंत्र लागतं, कुणी पाठीशी उभं नाही अशी जागा लागते. मुलगा नकळत पाच वर्षांची तयारी करून मुलाखतीला येतो आणि मुलगी आजपासून सुरुवात करते. मग कंपनी म्हणते, मुलींचे अर्जच येत नाहीत.

नोकरी लागली तरी पुढे प्रश्न आहेतच, तेही सांगते, नाहीतर मी फसवते आहे असं होईल. बरीच भरती कंत्राटी असते, एका खेळापुरती. खेळ बाजारात गेला की कंत्राट संपतं. सुरुवातीचा पगार कमी. खोलीचं भाडं आणि मेस गेली की थोडंच उरतं. 2023 आणि 2024 मध्ये जगभर या उद्योगातली हजारो माणसं कामावरून गेली. आणि कंत्राट संपलेल्या मुलीला गावाकडे परत बोलावतात ते लग्नासाठी. माझ्या मावसबहिणीचं तसंच झालं. दोन कंत्राटांच्या मध्ये तीन महिने गेले, तेवढ्यात स्थळ ठरलं.

रात्रपाळीही असते. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला काम देता येतं, पण तिची संमती हवी, आणि सुरक्षितता व घरी पोचवण्याची सोय हवी. संमती म्हणजे पहिल्याच दिवशी पुढे सरकवलेल्या छापील कागदावरची सही नव्हे, हे मुलींना आधीच सांगून ठेवा. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा कंत्राटी मुलीलाही लागू आहे, अंतर्गत समितीत कोण कोण आहे हे विचारायचा तिला हक्क आहे.

आणि नाव. खेळ संपला की सिनेमासारखी नावांची यादी येते. बाहेरच्या कंपनीतून तपासणी करणाऱ्यांची नावं त्यात पुष्कळदा नसतात. गुप्ततेच्या करारामुळे आपण कुठल्या खेळावर काम केलं हे पुढच्या मुलाखतीत सांगायचीही चोरी. माझ्या कामाच्या पहिल्या चार वर्षांचा एकही छापील पुरावा माझ्याकडे नाही. म्हणून मुलींना म्हणते, करार सही करण्याआधी वाचा, आणि नाव येणार का हे तोंडी नव्हे, लेखी विचारा.

यावर उपाय नाही असं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ तपासणाऱ्यांपैकी 12 जणांना डिसेंबर 2021 मध्ये कमी केलं, तेव्हा बाकीचे संपावर गेले. मे 2022 मध्ये 19 विरुद्ध 3 मतांनी त्यांनी युनियन केली. जानेवारी 2023 मध्ये झेनिमॅक्सच्या सुमारे 300 तपासणी कामगारांनी तेच केलं. सगळ्यांत खालचं समजलं जाणारं खातं आधी उठलं, हे आपल्या अनुभवाला धरूनच आहे.

कामात वर जाता येतं. ज्येष्ठ तपासनीस, मग गटप्रमुख. नाहीतर पायथनसारखी भाषा शिकून स्वयंचलित तपासणीकडे जायचं. हाताने करायची काही कामं आता यंत्रं करू लागली आहेत, त्यामुळे ही दुसरी वाट लवकर धरलेली बरी. पदवी बहुतेक ठिकाणी मागतात, पण ती इंजिनिअरिंगचीच हवी असं नाही. साखराळ्याच्या किंवा कराडच्या इंजिनिअरिंगच्या मुलींना हे ठाऊक असेल. मला काळजी आहे ती बी. ए., बी. कॉम. करणाऱ्या मुलीची, जिला हे आपल्यासाठीही आहे असं वाटतच नाही.

तयारी करायला पैसे लागत नाहीत. फोनवरचा कुठलाही फुकटातला खेळ घ्यायचा, रोज एक दोष शोधायचा, आणि मघाशी सांगितलं तसा वहीत लिहायचा, मराठीत आधी, मग इंग्रजीत. असे पन्नास अहवाल झाले की मुलाखतीत ती वही पुढे ठेवता येते. ‘आवड आहे का’ या प्रश्नाचं ते उत्तर होतं. भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’च्या जिल्ह्यात मुलींच्या वसतिगृहांमध्ये संध्याकाळचे दोन तास चार फोन ठेवून हे करता येणार नाही का? तेवढे दोन तास फोन मुलीच्या हातात असेल आणि कुणी “कुणाशी बोलतेस” विचारणार नाही, एवढी हमी वसतिगृहाच्या बाईंनी घ्यायची.

मी महिन्यातून एका रविवारी यायला तयार आहे. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा माझ्या येण्याजाण्याचं बघू नका. फोन तुम्ही जमवा, जुने चालतील, काच तडकलेले तर जास्तच चांगले. तसल्या फोनवर दोष लवकर दिसतात. मुलींची नावं आजच लिहून घेऊ. वही मी आणलेली आहे.