नकाराचे बळ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



काटकसरीचा उपदेश समाजवादी कार्यकर्त्याला नेहमीच खटकत आला आहे, आणि तो खटकावा हेच योग्य आहे. महिनाअखेरीस ज्याच्या हाती काही उरतच नाही, त्याला अडीअडचणीसाठी चार पैसे बाजूला टाकण्यास सांगणे म्हणजे त्याच्या दारिद्र्याचा दोष त्याच्याच माथी मारणे होय. सुखवस्तू मंडळींनी हा उपदेश पिढ्यान् पिढ्या केला. कामगार विडी-दारूवर किती खर्च करतो याचा हिशेब त्यांनी मांडला. त्याला मजुरी किती मिळते याचा मांडला नाही. त्यामुळे गरीब कुटुंबाने संकटाची तयारी कशी करावी हा विषय निघाला की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. हा गृहिणींच्या मासिकाचा विषय आहे, पक्षाच्या अभ्यासवर्गाचा नव्हे, असे त्यांना वाटते.

ही समजूत एकदा तपासून पाहिली पाहिजे. घरातल्या डब्यात किती दिवसांचे धान्य आहे, यावर त्या घरातला माणूस मालकासमोर किती दिवस ताठ उभा राहील हे ठरते. ज्याच्या घरी पंधरा दिवसांचा शिधा आहे तो पडेल त्या मजुरीला आणि मागेल त्या व्याजाला 'नाही' म्हणू शकतो. ज्याच्या घरी तो नाही त्याला नकार परवडत नाही. संकटाची तयारी म्हणजे वस्तुतः नकाराचे बळ साठविणे होय. हे बळ मालकवर्गाजवळ सदैव असते. श्रमिकाजवळ ते जवळजवळ कधीच नसते. विषमतेचे याहून रोकडे माप दुसरे नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. तो घराघरांतून विरत गेला. त्याच्या अपयशाची कारणे अनेक आहेत. सरकारचा ताठरपणा होता, प्रातिनिधिक संघटनेचा १९४६ चा कायदा होता, यंत्रमागांकडे वळलेले उत्पादन होते आणि गिरण्यांच्या जमिनींवरील डोळाही होता. परंतु इतका दीर्घ संप मुळात चालला कशावर, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्यांचा कोकणात किंवा घाटावर शेतीचा तुकडा होता ते गावी गेले आणि तगले. गाव हीच त्यांची शिल्लक होती. ज्यांना गाव उरले नव्हते त्यांच्या घरची भांडी आणि मंगळसूत्रे सावकाराकडे गेली. मालकांना घाई नव्हती. कामगाराच्या घरचा डबा रिकामा होण्याची वाट पाहणे एवढेच त्यांचे काम होते.

दुसरे उदाहरण २४ मार्च २०२० चे. रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री ती अमलात आली. अवघे चार तास! पगारदार घरांनी त्या चार तासांत दुकाने गाठली. रोजंदारीवरच्या माणसाच्या खिशात मात्र त्या दिवसाचीच मजुरी होती. त्याची शिधापत्रिका गावी होती आणि पोट शहरात. मग माणसे चालू लागली. ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्या पोळ्या म्हणजे त्यांची आपत्कालीन तयारी होती. तेवढीच तयारी करण्याची ऐपत या व्यवस्थेने त्यांना ठेवली होती.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची मीमांसा करताना दाखविले, की लक्षावधी माणसे मेली ती धान्य नव्हते म्हणून नव्हे. धान्यावर हक्क सांगण्याचे साधन त्यांच्या हाती उरले नाही म्हणून. हे सूत्र प्रत्येक संकटाला लागू पडते. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो बंगल्यावरही झाला आणि झोपडीवरही. त्याची आपत्ती कोणाच्या घरी किती दिवस राहिली, हे मात्र घरातल्या शिलकीने ठरविले.

तेव्हा हाती थोडे असताना कुटुंबाने काय करावे? प्रथम पाणी. पिण्यास व स्वयंपाकास माणशी दिवसाला किमान तीन लिटर धरले तर पाच माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी ४५ लिटर लागते. झाकणाचे दोन मोठे कॅन आणि एक कळशी यांत ते बसते. दर दोनचार दिवसांनी ते वापरून पुन्हा भरावे. पुराच्या दिवसांत पाणी खळखळ उकळल्यावाचून पिऊ नये.

नंतर शिधा. निराळा 'आपत्कालीन' माल विकत आणण्याची गरज नाही. रोजच्या खाण्यातलेच पोहे, चणे-फुटाणे, शेंगदाणे, गूळ, मीठ थोडे अधिक ठेवावे; चूल पेटली नाही तरी हे खाता येते. नवा माल मागे आणि जुना पुढे ठेवावा, म्हणजे काही फुकट जात नाही. सोबत काडेपेटी, मेणबत्ती आणि शक्य तर विजेरी. हे सारे एका महिन्यात जमविण्याचा हट्ट धरू नये. एका आठवड्याला एक वस्तू पुरे.

धान्यासाठी जुन्या बायका रोज रांधण्यापूर्वी एक मूठ बाजूला काढीत. मूठ साधारण ५० ग्रॅमची धरली तर महिन्याला दीड किलो आणि सहा महिन्यांत नऊ किलो धान्य साठते. पाच माणसांना दिवसाला दीड किलो लागते असे मानले, तर सहा महिन्यांच्या मुठींतून सहा दिवस निघतात. हा हिशेब दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावा. सहा दिवस ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. त्या सहा दिवसांत सावकाराची पायरी टळू शकते. पण एकट्या घराच्या काटकसरीची धावही तेवढीच आहे. शिवाय ही मूठ घरातल्या बाईच्या ताटातून जाता कामा नये. बहुतेक घरांत ती तेथूनच जाते, आणि त्याला आपण बचत म्हणतो!

तिसरी गोष्ट औषधाची. अतिसारात मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी गेल्यामुळे. स्वच्छ एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हा उपाय कोणत्याही घरात होतो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचे द्रावण संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य रुग्ण वाचविले. ज्ञान असले की काही पैशांतही प्राण वाचतात. घरातल्या रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या रुग्णाच्या गोळ्या संपण्याच्या दिवशी नव्हे, तर आठवडाभर आधी आणण्याची सवय यातच मोडते.

चौथी गोष्ट कागदांची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात घरे कोसळली. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे ती पाण्याखाली गेली. अशा वेळी जो वाचतो त्याला दुसऱ्याच दिवसापासून आपण कोण आहोत हे सिद्ध करावे लागते. शिधापत्रिका, आधार, बँकेचे पुस्तक, सातबारा किंवा भाडेपावती, जन्म-मृत्यूचे दाखले हे सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंच जागी ठेवावे. त्यांचे क्रमांक लिहिलेला एक कागद दुसऱ्या गावच्या नातेवाईकाकडे असावा. पंचनामा झाल्यावाचून भरपाई मिळत नाही. म्हणून चिखल उपसण्यापूर्वी नुकसानीची छायाचित्रे काढावीत.

पाचवी गोष्ट पैशाची. येथे शेकडा दहाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. दरमहा शेकडा दहाने घेतलेल्या पाच हजार रुपयांवर वर्षाला सहा हजार व्याज होते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. यासाठीच पहिले दोन-तीन हजार रुपये साठविणे सर्वांत मोलाचे. त्यांवर मिळणाऱ्या व्याजासाठी नव्हे, तर त्यांनी टळणाऱ्या व्याजासाठी. ते सगळेच घरातही नकोत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा डाळीच्या डब्यातली बायकांची शिल्लक उघड्यावर आली. ज्या शिलकीवर केवळ त्यांचाच अधिकार होता ती एका रात्रीत घराच्या कर्त्याच्या हाती गेली. थोडे पैसे सुट्या नोटांत घरी आणि बाकीचे बाईच्या स्वतःच्या खात्यात असावेत. त्या खात्यातून वर्षाला ४३६ आणि २० रुपये भरून दोन लाखांचा जीवनविमा व दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस आपोआप कापला जातो. त्या दिवशी खाते रिकामे असेल तर विमा खंडित होतो. हे सांगणारा कोणी घरी येत नाही. तो कार्यकर्त्याने यावा.

अखेरची गोष्ट हक्कांची; तिला पैसे लागत नाहीत, माहिती लागते. अन्नसुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या घराला दरमहा माणशी पाच किलो धान्य आहे आणि ते आता परगावीही उचलता येते. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखल्या पाहिजेत, आणि तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल केले पाहिजे, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केली. परवान्यावाचून सावकारी करणे हा २०१४ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे आणि बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या दारात ही माहिती सुचत नाही. ती आधीच भिंतीवर लिहिलेली असावी लागते.

आता मूळ मुद्द्याकडे. एका घराची धाव सहा दिवसांची आहे, मग पुढे काय? याचे उत्तर श्रमिक स्त्रियांनी कधीच दिले आहे. १९७४ साली अहमदाबादेत चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचे भाग घेऊन सेवा बँक उभी केली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेच्या दारात नेले. वीस बिऱ्हाडांच्या चाळीने दरमहा ५० रुपये काढले तर वर्षाला बारा हजार होतात. एकाच वेळी वीसही घरांत आजारपण येत नाही. म्हणून एका घराला जे सहाशे रुपयांत अशक्य, ते वीस घरांना शक्य होते. भिशी चालविणाऱ्यांनी दर फेरीतला एक क्रमांक अडचणीतल्या घरासाठी राखून ठेवला तरी बरेच साधेल. हिशेबाची वही सर्वांसमोर वाचली जावी आणि पेटीच्या किल्ल्या दोन घरांत असाव्यात, एवढे दोन नियम पाळले तर भांडणे टळतात.

परंतु पूर चाळीतल्या वीसही घरांत एकाच वेळी शिरतो आणि टाळेबंदी सर्वांचीच मजुरी थांबविते. तेथे चाळीची पेटीही पुरत नाही. तेथून राज्यसंस्थेची जबाबदारी सुरू होते. घराने तयारी केली म्हणून सरकार सुटले, असा अर्थ कोणी काढू नये. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे होती. ती हजेरी दयेतून मिळाली नाही. मोर्चे निघाले, घेराव झाले, तेव्हा कामे निघाली. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दाराशी संकट असताना मागितलेली मदत ही याचना ठरते. आधी मिळविलेला कायदा हा हक्क ठरतो. कायदा हीदेखील समाजाने केलेली पूर्वतयारीच होय.

म्हणून कार्यकर्त्याने या पावसाळ्यापूर्वी आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरी जावे आणि एकच प्रश्न विचारावा: उद्या काम बंद पडले तर घर किती दिवस चालेल? उत्तर वहीत लिहावे. ज्या घरी कागद पाण्याच्या पातळीत ठेवलेले दिसतील तेथे ते वर बांधून द्यावेत. शिधापत्रिकेत ज्यांची नावे नाहीत त्यांचे अर्ज भरून द्यावेत. अशा शंभर घरांची वही झाली की ती घेऊन तहसीलदाराकडे जावे. 'गरिबांचे हाल होत आहेत' या वाक्याला कचेरीत कोणी उत्तर देत नाही. 'या वस्तीतल्या शंभरांपैकी इतक्या घरांत तीन दिवसांचाही शिधा नाही, ही त्यांची नावे' असे म्हटले की उत्तर द्यावेच लागते.

संप पुकारण्यापूर्वीही हीच वही उघडावी. किती दिवस लढता येईल याचा अंदाज तीत असेल, आणि तो सभेतल्या घोषणांपेक्षा अधिक विश्वसनीय असेल.